लिलावाला गिफ्ट व्हाउचर द्यायचंय? मग ते वापरलं जाईल असं द्या: कोकणातल्या छोट्या धंद्यांसाठी पूर्ण पद्धत

होमस्टेवाले, खानावळवाले, बोटवाले, आंबा-कोकमवाले, अगदी इलेक्ट्रिशियन आणि पार्लरवाल्या ताईसुद्धा हल्ली मदतनिधीच्या लिलावाला गिफ्ट व्हाउचर देतात. शाळेच्या छपरासाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, कोणाच्या ऑपरेशनसाठी लिलाव असतो, देणगी पण होते आणि धंद्याचं नाव पण होतं असा विचार असतो आणि विचार बरोबरच आहे. पण बहुतेक ठिकाणी काय होतं, माइकवर नाव पुकारलं जातं, टाळ्या पडतात, आणि ते व्हाउचर डोंबिवलीतल्या कोणाच्या तरी कपाटात वर्षभर पडून राहतं. कोणी येत नाही, फोन येत नाही, आणि मग मालक म्हणतो की यात काही अर्थ नाही, पुढच्या वर्षी फक्त पावती फाडू.

व्हाउचर विकलं गेलं की संस्थेचं काम झालं. तुमचं काम माणूस ते घेऊन तुमच्या दारात येतो तेव्हा सुरू होतं. खाली जे लिहिलंय ते सगळं त्याच एका गोष्टीसाठी आहे. आणि क्रमाने करा, कारण बहुतेक जण व्हाउचर आधी छापतात आणि हिशोब नंतर करतात, तिथेच गाडी चुकते.

टप्पा १: वहीत हिशोब मांडा

व्हाउचरवरची किंमत आणि तुमच्या खिशातून जाणारे पैसे हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही लिहून काढायचे.

उदाहरण म्हणून एक होमस्टे धरा. दोन माणसं, दोन रात्री, रूम २५०० रुपये नाश्त्यासकट, म्हणजे ५०००. वर एकदा माशाच्या दोन थाळ्या, ४०० प्रमाणे ८००. व्हाउचरवर किंमत ५८००. आता खरा खर्च बघा: नाश्त्याच्या चार प्लेट ६० प्रमाणे २४०, चादरी-टॉवेल धुणं आणि साफसफाई ३५०, वीज ३००, थाळ्यांचा बाजार आणि गॅस ४००. झाले १२९०. हे रिकाम्या रूमचं गणित आहे. तेच व्हाउचर मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी वापरलं गेलं तर दारात आलेलं बुकिंग परत पाठवावं लागतं, तिथे तुमचा खर्च १२९० नाही, ५८०० झाला. म्हणून कुठल्या दिवशी चालेल ही अट नंतर सुचली म्हणून घालायची गोष्ट नाही, ती हिशोबाचाच भाग आहे.

माल विकणाऱ्यांचं वेगळं. आंब्याची पेटी, काजू, कोकम आगळ यात किंमत आणि खर्च जवळजवळ असतात, रिकाम्या रूमसारखी सवड तिथे नाही. त्यांनी व्हाउचर लहान ठेवायचं किंवा दुसऱ्या कोणासोबत मिळून द्यायचं, ते पुढे सांगतो.

मग वर्षाचा आकडा ठरवा. या वर्षी किती व्हाउचर आणि खऱ्या खर्चात किती रुपये, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कोकणात हे फार गरजेचं आहे कारण एका वाडीच्या मंडळाला दिलं की दुसऱ्या वाडीतले पुढच्या आठवड्यात हजर, आणि नाही म्हटलं की मनं दुखावतात. सोपा नियम असा ठेवता येतो: गावातल्या प्रत्येक मंडळाला सारखी वर्गणी, आणि व्हाउचर फक्त गावाबाहेरच्या माणसांसमोर होणाऱ्या लिलावाला. नियम सगळ्यांना एकच असला की कोणाला बोलायला जागा राहत नाही.

तपासून बघा: ठरवलेली सगळी व्हाउचर्स एकाच महिन्यात वापरायला आली तर झेपेल का? नसेल झेपत तर आकडा कमी करा.

टप्पा २: समोर कोण बसणार आहे ते बघून लिलाव निवडा

आपल्याकडे ढोबळ तीन प्रकारचे लिलाव होतात आणि तिघांत बोली लावणारा माणूस वेगळा असतो.

पहिला गावातला. जत्रा, सत्यनारायण, गणपतीत देवापुढची फळं-नारळ लिलावात काढतात, सिंधुदुर्गात आणि गोव्याकडे त्याला पावणी म्हणतात. इथे लोक वस्तूसाठी बोली लावत नाहीत, मानासाठी आणि देवासाठी लावतात. साधा नारळ हजारावर जातो, त्याचा अर्थ नारळ हजाराचा आहे असा नाही. त्यामुळे पावणीत तुमच्या व्हाउचरला मोठी बोली आली म्हणून धंद्याला मागणी आहे असं समजू नका. आणि मुख्य म्हणजे इथे बोली लावणारा चाकरमानी स्वतःच्या घरी उतरलेला असतो, त्याला तुमची रूम कशाला लागेल?

दुसरा मुंबई-ठाणे-पुण्यात होणारा: ग्रामस्थ मंडळाचा मेळावा, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम. इथे गावाबद्दल माया असते, पैसे असतात, आणि समोरच्याचे ऑफिसमधले मित्र, सोसायटीतले शेजारी यांच्यातले बरेच जण कोकणात यायला उत्सुक असतात. छोट्या धंद्याला सगळ्यात चांगला लिलाव हाच असं माझं ठाम मत आहे.

तिसरा शहरातल्या क्लबांचा आणि सामाजिक संस्थांचा. रोटरी, लायन्स, प्राण्यांसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्था वगैरे. इथे बऱ्याचदा मूक लिलाव असतो, म्हणजे टेबलावर वस्तू आणि शेजारी कागद, लोक फिरत फिरत आपला आकडा लिहून जातात. तुमच्या बाजूने बोलायला कोणी नसतं, सगळं काम त्या कार्डाला आणि फोटोला करायचं असतं.

हो म्हणायच्या आधी आयोजकाला एवढं विचारा:

१) किती माणसं येतील आणि साधारण कुठली? कुटुंबाने येतील का?
२) व्हाउचर एकटं पुकारणार की दहा वस्तूंच्या गठ्ठ्यात घालणार?
३) कमीत कमी बोली ठेवणार का? व्हाउचरच्या किमतीच्या तिसरा हिस्सा ते निम्मी ठेवा म्हणून सांगा, ५८०० चं व्हाउचर ३०० ला गेलं तर संस्थेला काही मिळत नाही आणि घेणाऱ्यालाही त्याची किंमत राहत नाही.
४) ज्याने घेतलं त्याचा फोन नंबर त्याला विचारून मला मिळेल का?

चौथ्याला नाही म्हणत असतील तर दोनदा विचार करा, कारण पुढचा अर्धा लेख त्या नंबरावर उभा आहे.

सावध: लिलावाच्या नावाखाली तिकिटं विकून सोडत काढणार असतील तर तो लिलाव नाही, लॉटरी आहे आणि लॉटरीचे कायदे वेगळे आहेत. त्यात तुमच्या धंद्याचं नाव घालू नका. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर मागून घ्या. नोंदणी नसलेलं मंडळ उत्सवासाठी पैसे गोळा करत असेल तर त्याला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती बघायला मागण्यात काही वाईट नाही, चांगले कार्यकर्ते स्वतःहून दाखवतात.

टप्पा ३: काय द्यायचं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर.

दहा टक्के सूट, वीस टक्के सूट असलं काही लिलावाला देऊ नका. सूट मिळवायला कोणी बोली लावत नाही, ती तर फोनवर मागितली तरी मिळते हे सगळ्यांना माहितीय. एक वस्तू किंवा एक अनुभव पूर्ण फुकट, वर एक रुपया न भरता मिळेल असंच द्यायचं. दोघांचा मुक्काम, चौघांचं जेवण, एका कुटुंबाची बोटफेरी. "एका व्यक्तीसाठी" कधीच नको, एकटा माणूस दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवून येत नाही.

आता कोणाला काय चालतं ते बघा.

मुंबईतल्या मेळाव्याला मुक्काम चालतो, पण त्याहून एक गोष्ट चांगली चालते आणि ती फार कमी लोक देतात: गावातल्या बंद घराची किंवा म्हाताऱ्या आईवडलांची सोय. पावसाआधी कौलं चाळून देणे, बागेची बेणणी (गवत-झुडपं काढणं), इन्व्हर्टर आणि वायरिंगची तपासणी, विहिरीच्या पंपाची सर्व्हिसिंग, गणपतीआधी घराची साफसफाई. ज्याचं घर गावात आहे आणि तो लालबागला राहतो त्याला हे सोन्यासारखं वाटतं. आणि एकदा तुम्ही त्याच्या घरात काम केलं की पुढची सगळी कामं तुमच्याकडे येतात. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंडी, माळी यांनी हे जरूर करावं.

क्लबाच्या कार्यक्रमाला जोड-व्हाउचर घ्या. एकट्या खानावळीचं ६०० चं व्हाउचर टेबलावर दिसतच नाही. पण तारकर्लीतल्या होमस्टेने मुक्काम, देवबागच्या बोटवाल्याने कर्ली खाडीतली फेरी आणि मालवणच्या ताईंनी खाजं-कोकमाचा डबा असं तिघांनी मिळून एक कार्ड केलं तर ते मोठं होतं आणि प्रत्येकाचा खर्च लहान राहतो. फक्त फोन नंबर एकाचाच टाका. तीन ठिकाणी फोन करून तीन तारखा जुळवायच्या म्हटलं की माणूस कंटाळतो आणि येतच नाही.

आंबेवाल्यांसाठी खास. "एक पेटी हापूस" असं लिहू नका. पेटीत चार डझनपण बसतात आणि सहापण, फळाच्या आकारावर आहे, त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं फसवलं. डझन लिहा आणि फळाचं साधारण वजन लिहा. पोच कधी ते लिहा, आणि मार्चची घाई करू नका, सुरुवातीला भाव चढा असतो आणि माल कमी. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत ठेवलं तर तुम्हाला झेपतं आणि फळही तयार असतं. अवकाळी पाऊस, थ्रिप्स कीड, मोहोर गळणं हे दर वर्षी काही ना काही असतंच, म्हणून त्याच कार्डावर एक ओळ: "पीक कमी आल्यास त्याच किमतीचा आमरस आणि कोकम आगळ देऊ किंवा पुढच्या हंगामात आंबे देऊ, निवड तुमची." आणि हापूसला २०१८ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, रत्नागिरी किंवा देवगड असं नाव तुमचा माल खरंच तिथला असेल तरच टाका.

मासे, बोट आणि पाणी यांचं वेळापत्रक डोक्यात ठेवून वचन द्या. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईची थाळी कुठून देणार? पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि स्कुबा बंद असतात. श्रावणात तर बरीच कुटुंबं मासे खातच नाहीत. त्यामुळे थाळी लिहिताना "माशाची किंवा शाकाहारी" असंच लिहा, आणि शाकाहारी म्हणजे मटारपनीर नको, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, सोलकढी असं इथलंच.

तपासून बघा: हे व्हाउचर तुम्हाला स्वतःला दुसऱ्या गावात कोणी दिलं असतं तर तुम्ही घरच्यांना घेऊन गेला असता का?

टप्पा ४: अटी थोड्या आणि मोठ्या अक्षरात

दोन टोकाच्या चुका होतात. कोणी अटीच घालत नाही आणि ३१ डिसेंबरला व्हाउचरवाला सहा माणसं घेऊन दारात उभा राहतो. कोणी इतक्या घालतो की वर्षातले वापरता येण्यासारखे दिवसच उरत नाहीत.

एवढ्या पुरतात:

- चालण्याचे दिवस: रविवार ते गुरुवार रात्री. शुक्रवार-शनिवार तुमच्या पैसे देणाऱ्या पाहुण्यांसाठी.
- न चालणारे दिवस: २४ डिसेंबर ते २ जानेवारी, दिवाळीचा आठवडा, गौरी-गणपती, शिमगा. शेवटचे दोन गर्दीमुळे नाही, त्या दिवसात घरात आणि वाडीत आपणच अडकलेले असतो, कामाला माणूस मिळत नाही, आणि पाहुण्याची हेळसांड झाली तर ते व्हाउचर न दिलेलं बरं. "सर्व सुट्ट्या वगळून" असं मोघम नको, तारखा किंवा सणांची नावं लिहा.
- किती माणसं, आणि वरच्या प्रत्येक माणसाला किती पैसे.
- किती दिवस आधी फोन करायचा. सात दिवस ठीक, महिना नको.
- दुसऱ्याला देता येईल का? हो लिहा. मनापासून हो लिहा. घेणाऱ्याला यायला जमत नसेल तर तो बहिणीला देईल, बॉसला देईल, आणि तुमच्याकडे अगदी नवीन माणूस येईल, जो एरवी कधी आला नसता.
- उरलेले पैसे रोख परत मिळणार नाहीत.

मुदत साधारण वर्षाची ठेवा, पण शेवटची तारीख विचार करून टाका, कारण बहुतेक लोक मुदत संपायला आली की जागे होतात. ३१ मे टाकली तर सगळे मेमध्येच फोन करणार. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे होमस्टे बऱ्यापैकी रिकामे असतात, हवा छान असते, समुद्र शांत असतो. मुदत १५ मार्चला संपवा, मग शेवटच्या घाईत येणारे पण तुमच्या रिकाम्या दिवसांतच येतील. ज्यांची शाळेतली मुलं नाहीत, निवृत्त जोडपी, नवीन लग्न झालेले, त्यांना हा काळ उत्तम आहे हे कार्डावरच लिहून टाका.

टप्पा ५: व्हाउचर तयार करणं

जाड कागद, पोस्टकार्डाएवढा किंवा थोडा मोठा. पुढच्या बाजूला एक चांगला फोटो, तुमच्या अंगणाचा किंवा थाळीचा, इंटरनेटवरून उचललेला समुद्र नको. मागे साधारण असा मजकूर:

"क्रमांक ०७. दोन मोठ्या माणसांसाठी दोन रात्रींचा मुक्काम, नाश्ता आणि एक वेळची माशाची किंवा शाकाहारी थाळी. किंमत ५८०० रुपये. रविवार ते गुरुवार. मुदत १५ मार्चपर्यंत. गौरी-गणपती, दिवाळीचा आठवडा, २४ डिसेंबर ते २ जानेवारी आणि शिमगा सोडून. बारा वर्षांखालचं एक मूल सोबत चालेल, त्याचे पैसे नाहीत. ज्याच्या हातात हे कार्ड त्याला चालेल. येण्याआधी सात दिवस व्हॉट्सअ‍ॅप करा."

खाली नाव, नंबर, लोकेशनचा क्यूआर कोड, शिक्का आणि निळ्या शाईत सही. जवळचं स्टेशन आणि तिथून कसं यायचं ही एक ओळ जरूर टाका. मुंबईच्या माणसाला कुडाळला उतरायचं की सिंधुदुर्गनगरीला, इथेच अडतं आणि मग राहू दे म्हणतो.

क्रमांक प्रत्येक कार्डाला वेगळा आणि वहीत नोंद: क्रमांक, कुठल्या संस्थेला, तारीख, मुदत, पुढचे रकाने रिकामे. नंबर नसलेलं कार्ड छापू नका, कलर झेरॉक्स हल्ली कुठेही होते. खाण्याचा माल पॅक करून देत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर पण हवा.

तपासून बघा: कार्ड घरातल्या अशा कोणाला वाचायला द्या ज्याला यातलं काहीच माहिती नाही, आणि विचारा, आता काय करशील? त्याने लगेच "या नंबरला व्हॉट्सअ‍ॅप करीन" असं म्हटलं पाहिजे.

टप्पा ६: आयोजकाच्या हातात देताना

कार्ड नुसतं कोणाच्या तरी हाती पाठवून मोकळं होऊ नका. पाकिटात तीन गोष्टी: व्हाउचर, टेबलावर ठेवायला मोठा फोटो, आणि माइकवर बोलायच्या चार ओळी. दिल्याची पोच संस्थेच्या लेटरहेडवर घ्या, त्यात व्हाउचरचा क्रमांक आणि किंमत लिहायला सांगा.

त्या चार ओळींवर वेळ घालवा. लिलाव पुकारणाऱ्याच्या हातात काही नसेल तर तो "पुढचं आहे अमुक होमस्टेचं व्हाउचर, बोला किती" एवढंच म्हणणार, त्याची चूक नाही, त्याला तुमच्याबद्दल माहितीच नाही. असं लिहून द्या:

"गुहागरजवळ समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, पोफळीच्या बागेत घर. दोघांना दोन रात्री राहायचं, सकाळी घावणे-चटणी, एक दिवस माशाचं जेवण. मूल असेल तर ते पण फुकट. किंमत ५८००, सगळे पैसे शाळेच्या छपराला. बोली दोन हजारापासून."

वाचायला वीस सेकंद लागतात. मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळते तो शब्द काढा. "निसर्गाच्या सान्निध्यात" वगैरे काढून टाका, घावण्यांचं नाव घेतलं की जास्त हात वर होतात.

टप्पा ७: लिलावाच्या दिवशी

जमलं तर स्वतः जा, नाहीतर तुमचा मुंबईतला भाऊ-पुतण्या जाऊ दे. स्वतःच्या व्हाउचरवर स्वतः किंवा आपल्या माणसाने बोली वाढवायची नाही. मेळाव्यात सगळे एकमेकांना ओळखतात, ते दिसतं, आणि नाव खराब होतं.

काम एकच, ज्याने घेतलं त्याला जाऊन भेटायचं. कार्ड त्याच्या हातात देतानाचा फोटो त्याला विचारून काढा, संस्थेच्या ग्रुपवर टाका. आणि हॉलमध्येच विचारा, "साधारण कधी यायचं ठरवताय?" तारीख नाही सांगितली तरी महिना सांगेल. तो महिना वहीत लिहा.

ज्यांनी बोली लावली पण मिळालं नाही त्यांना विसरू नका. त्यांना तुमच्याकडे यायचं होतं हे त्यांनी भर सभेत हात वर करून सांगितलंय. असे दोन-तीन जण असतात, त्यांना साधं कार्ड द्या आणि महिन्याभरात बुकिंग केलंत तर एक जेवण आमच्याकडून म्हणून सांगा. बऱ्याचदा पहिलं पैसे देऊन होणारं बुकिंग यांच्याकडूनच येतं, आणि इतके धंदेवाले ही संधी सोडून घरी जातात याचं खरंच वाईट वाटतं.

टप्पा ८: नंतरचा पाठपुरावा

दोन-तीन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप:

"नमस्कार. परवाच्या मेळाव्यात आमचं व्हाउचर आपण घेतलंत, शाळेच्या कामाला हातभार लागला, मनापासून आभार. नोव्हेंबरमध्ये येणार म्हणालात, ७ ते १२ मधले दिवस सध्या मोकळे आहेत. ठेवू का आपल्यासाठी?"

"कधीही या" असं लिहू नका, कधीही या म्हटलं की माणूस कधीच येत नाही. तारखा तुम्ही सुचवायच्या, फक्त त्या रविवार ते गुरुवारच्या आहेत ना ते पाठवण्याआधी कॅलेंडरवर बघा. उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदा, आणि मुदत संपायच्या दोन महिने आधी एकदा. त्याहून जास्त नको, आणि रोजचे सुप्रभात मेसेज तर अजिबात नको. नंबर ज्या कामासाठी घेतला तेवढ्यालाच वापरायचा, ब्रॉडकास्टमध्ये घालायचा तर विचारून.

मुदत संपल्यावर कोणी फोन केला तर? रूम रिकामी असेल तर घ्या. कार्डावर तारीख आहे म्हणून त्याला परत पाठवलंत तर नियमाने बरोबर असाल, पण त्याने ते पैसे शाळेला दिलेत, तुमच्या नावावर दिलेत, आणि तो पूर्ण मंडळात सांगणार की व्हाउचर घेतलं आणि काही मिळालं नाही.

टप्पा ९: पाहुणा आला की

व्हाउचरवाला म्हणून मागची रूम, कालचे मासे, असलं काही होऊ देऊ नका. घरात काम करणाऱ्या मावशींना आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की हे पैसे देऊन आलेले पाहुणे आहेत, फक्त पैसे शाळेकडे गेलेत. हे सांगितलं नाही तर "फुकटवाले आलेत" असं कुजबुजलेलं पाहुण्याच्या कानावर जातं, आणि घर लहान असतं.

आल्या आल्या काय फुकट आणि कशाचे पैसे ते हसतखेळत सांगून टाका: दोन थाळ्या व्हाउचरमध्ये, दुसऱ्या दिवशीचं जेवण आणि बोटफेरी वेगळी, दर हे. जाताना बिलाच्या वेळी आश्चर्य नको. तुमची खरी कमाई तिथेच आहे, वरची जेवणं, कोकम, काजू, कुळीथ पीठ, पुढचं बुकिंग, पण ती ओढून घ्यायची नाही. डबे ओटीवर दिसतील असे ठेवा आणि दर चिकटवा, एवढं पुरतं.

निघताना कार्ड परत घ्या, त्यावर "वापरलं" लिहून तारीख आणि पाहुण्याची सही. गुगलवर दोन ओळी लिहाल का असं विचारायला हरकत नाही, पण रिव्ह्यूच्या बदल्यात काही देऊ नका.

टप्पा १०: हिशोब आणि टॅक्स

व्हाउचर दिलं म्हणून तुम्हाला ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी सूट मिळत नाही. ती पैशात दिलेल्या देणगीला असते, वस्तूला किंवा सेवेला नाही, त्यामुळे आयोजक "५८०० ची ८०जी पावती देतो" म्हणाले तरी त्यावर विसंबू नका. तुमचा जो खरा खर्च झाला, ते १२९०, तो धंद्याच्या जाहिरातीचा खर्च म्हणून कसा दाखवायचा ते सीएंना विचारा, त्यासाठी बाजाराच्या आणि लॉन्ड्रीच्या पावत्या आणि संस्थेची पोच एकत्र टाचून ठेवा.

जीएसटी नोंदणी सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की लागते, नुसता माल विकणाऱ्यांना ४० लाखांच्या वर, त्यामुळे बऱ्याच लहान होमस्टेंना हा प्रश्नच येत नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी लक्षात ठेवा की ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने व्हाउचरची देवाणघेवाण हा स्वतः माल किंवा सेवेचा पुरवठा धरला जात नाही असं स्पष्ट झालंय. तुम्ही पुढे जी सेवा देता आणि पाहुणा वर जे पैसे देतो त्याचं बिल कसं करायचं ते एकदा सीएंकडून लिहून घ्या. फुकट दिलेल्या वस्तूंवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, माल देणाऱ्यांनी हे विशेष बघा.

मग वहीतले रिकामे रकाने भरा: वापरलं का, कधी, किती जण आले, वर किती खर्च केला, त्यांच्या ओळखीने पुढे कोण आलं. शेवटचा रकाना भरायला प्रत्येक नवीन पाहुण्याला "आमचं नाव कुठे कळलं?" एवढं विचारायची सवय लावा. मुदत संपली की संस्थेप्रमाणे बेरीज करा. एखाद्या संस्थेकडून गेलेली व्हाउचर्स दोन वर्षं वापरलीच गेली नाहीत तर त्या कामाला जमेल तेवढे पैसे द्या आणि व्हाउचर दुसरीकडे द्या. आणि ज्या मेळाव्यातून माणसं आली त्यांच्या सेक्रेटरीला पुढच्या कार्यक्रमाची तारीख त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही विचारा, कारण चांगल्या जागेची व्हाउचर्स ते आता स्वतः मागायला लागतील आणि तुमचा वर्षाचा आकडा तर ठरलेलाच आहे.